व्हॅम्पायरचा रॉक बँड पडद्यावर आणताय? या चुका टाळा

कमी बजेटच्या सिनेमात कामाची वाटणी साधारण अशी होते: दात, रक्त, मेकअप एकाकडे आणि गाणी, गिटार, ड्रम दुसऱ्याकडे. दोघांची गाठ पडते ती थेट सेटवर, मध्यरात्री. तेव्हा कळतं की सुळे लावल्यावर गायकाला ‘स’ नीट म्हणताच येत नाही. या सिनेमातल्या बहुतेक चुका अशाच, दोन खात्यांच्या मधल्या फटीत होतात.

सुळे आणि नखं

बाजारातली तयार प्लास्टिकची कवळी पुढचे सगळे दात झाकते. ओठ फुगतात, आणि त, थ, द, स घसरतात. त्याऐवजी डेंटल लॅबमधून दातांचा साचा घेऊन फक्त दोन सुळ्यांवर बसणाऱ्या ॲक्रिलिकच्या टोप्या करून घ्या. संभाजीनगर, लातूर, नांदेडला हे काम होतं. शूटिंगच्या किमान 15 दिवस आधी टोप्या हातात हव्यात, म्हणजे गायकाला रोज वीस मिनिटं त्या लावून गाण्याचा सराव करता येईल. गाणं मात्र टोप्या न लावता रेकॉर्ड करा.

लांब काळी नखं दिसायला झकास, पण उजव्या हाताने वाजवणाऱ्या गिटारिस्टच्या डाव्या बोटांना ती लावलीत तर तार दाबलीच जाणार नाही. प्रेक्षकांत गिटार शिकणारं एक पोरगं असलं तरी त्याला खोटेपणा लगेच कळतो. नखं फक्त उजव्या हाताला लावा आणि डाव्या हाताची नखं कापून काळी रंगवा. हातांवरचा पांढरा मेकअप तारांवर पुसला जातो, म्हणून बोटांच्या टोकांना तो लावूच नका. चेहऱ्यालाही चुन्यासारखा पांढरा नको, गव्हाळ कातडीवर तो राखेसारखा दिसतो. मूळ रंगापेक्षा दोन छटा उजळ आणि किंचित पिवळसर पुरे. मान आणि कान विसरू नका.

रक्त

अर्धा किलो लिक्विड ग्लुकोज (बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळतं), 100 मिली कोमट पाणी, एक चमचा लाल खाद्यरंग, अर्धा चमचा कोको, निळ्या रंगाचा एक थेंब. कोको आधी पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या राहतात.

रॉकच्या स्टेजवर निळे लाइट हमखास असतात आणि निळ्या उजेडात हे रक्त डांबरासारखं काळं दिसतं. त्या सीनसाठी निळा रंग आणि कोको वगळून, थोडं केशरी झुकणारं दुसरं मिश्रण करा. कपड्यांवर सांडायच्या बाटलीत भांड्याच्या साबणाचं एक चमचा लिक्विड घाला, डाग सुटायला मदत होते. ती बाटली वेगळी ठेवून वर ठळक लिहा, तोंडात जायला नको. रक्तातला हा गोड पाक गिटारच्या तारांच्या वेटोळ्यात शिरला की तारा मेल्याच. रक्ताच्या सीनला जुन्या तारा चढवा, जॅक टेपने झाका आणि टेक संपताच ओल्या फडक्याने पुसा.

वीज

इथे चूक म्हणजे जिवाशी खेळ. जुन्या गढीत किंवा बंद जिनिंगमध्ये अर्थिंग असेलच असं नाही. ॲम्पची (गिटारच्या ॲम्प्लिफायरची) तिसरी पिन कधीही कापू नका. गिटारची तार धरलेल्या गायकाचे ओठ माइकला लागले आणि दोन्हींत विजेचा फरक असला, तर झटका थेट ओठांना बसतो. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक काडी गिटारच्या ब्रिजला, दुसरी माइकच्या जाळीला. आकडा शून्याच्या आसपास हवा. दोन-चार व्होल्टच्या वर गेला की इलेक्ट्रिशियनने दोष काढेपर्यंत काम बंद. अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नका.

फ्लिकरचंही, म्हणजे चित्रात लाइट लुकलुकण्याचंही बघा. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवा. डीजेवाल्यांचे एलईडी पार मंद केले की पट्टे येऊ शकतात. ते पूर्ण उजेडावर ठेवून लांब सरकवा.

प्लेबॅक

सेटवर रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवून त्यावर ओठ हलवायचे असतात, पण उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे. त्यामुळे बँडला वायरचे इअरफोन द्या, लांब केसांखाली ते लपतात. ब्लूटूथ नको. 200 मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे 25 फ्रेमच्या शूटमध्ये पाच फ्रेम, आणि रेकॉर्डरला गाणं थेट वायरने गेलं असेल तर ओठ जुळणारच नाहीत. गाण्याची फाइल आणि रेकॉर्डर दोन्ही 48 किलोहर्ट्झवर ठेवा. आवाज दबावा म्हणून सिम्बलच्या (ड्रमसोबतच्या धातूच्या थाळ्यांच्या) खालच्या बाजूला कापडी टेपच्या पट्ट्या, बेस ड्रममध्ये गोधडी. ड्रमरने मात्र हात पूर्ण ताकदीने चालवावा, कारण खांदे खोटं बोलत नाहीत.

आरशात न दिसणारा व्हॅम्पायर

आरशात दिसत नाही असा नियम घेतला असेल तर चकाकती काळी गिटार, क्रोमचे स्टँड आणि सिम्बल हेसुद्धा आरसेच आहेत. मॅट गिटार वापरा, क्रोमवर काळा कापडी टेप लावा.

रात्र आणि जागा

मे महिन्यात पूर्ण अंधार जेमतेम नऊ तास मिळतो, शिवाय मेकअप वितळतो. डिसेंबरात तोच अकरा तासांच्या आसपास. पण लग्नसराईच्या तारखा टाळा, लाइट आणि जनरेटर तेव्हा मिळत नाहीत. देवगिरी किल्ल्यासारखी वास्तू पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असते, तिथे आधी लेखी परवानगी लागते. गावातली पांढऱ्या मातीची गढी मालकाच्या होकारावर मिळते आणि मराठी व्हॅम्पायरला ती जास्त शोभते. भिंती ढासळत्या असतात, म्हणून बेस ॲम्प भिंतीला टेकवू नका.

गिटारवरच्या हातांचे क्लोजअप पहाटेवर ठेवू नका. तोवर नखं सुटलेली, बोटं दुखावलेली असतात. दुपारी बंद खोलीत, मागे काळं कापड लावून तेच लाइट वापरा. मनगटापर्यंतच फ्रेम असते, बाहेर ऊन आहे हे कुणाला कळत नाही.