नाशिकला भाषाविज्ञान शिकायला येताय? बोली सोबत आणा

दर जूनमध्ये साक्री-शिरपूरकडून, पेठ-सुरगाण्याकडून, येवला-नांदगावकडून पोरं-पोरी बॅगा घेऊन नाशिकला उतरतात. बहुतेक जण फार्मसी, इंजिनिअरिंग नाहीतर स्पर्धा परीक्षेवाले. पण भाषेचं वेड असलेले दोन-चार जण प्रत्येक वर्षी निघतातच, आणि कुणाच्या तरी ओळखीने त्यांचा फोन मला येतो. मी मूळची साक्री तालुक्यातली, आता पक्की नाशिककर. फोनवर जे सांगते ते इथे लिहून टाकते.

पहिली गोष्ट. कॉलेजच्या माहितीपत्रकात ‘भाषाविज्ञान’ असा मेजर विषय शोधत बसू नका. आपल्याकडे तो मराठी, इंग्रजी, हिंदी, संस्कृत यांच्या पोटात एखाद-दुसऱ्या पेपरच्या रूपाने येतो. पदवीलाच स्वतंत्र विषय हवा असेल तर अलीगढ, बनारस अशी लांबची नावं घ्यावी लागतात. घरून तेवढी तयारी असेल तर जरूर जा. नसेल तर नाशिकमध्ये बसून हा विषय उभा करता येतो, आणि माझ्या मते चांगला करता येतो. मराठी किंवा इंग्रजी मेजर घ्या. नव्या शैक्षणिक धोरणात मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह आलेत, त्यांचा उपयोग करून घ्या: कॉलेजात संस्कृत किंवा मानसशास्त्र असेल तर मायनरला, संख्याशास्त्राची तोंडओळख मिळत असेल तर इलेक्टिव्हला. ‘सोपं काय आहे’ म्हणून विषय निवडणारे पुढे एमएला येऊन रडतात. नोकरी करत शिकायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं मुख्यालयच इथे गंगापूर धरणाच्या वाटेवर, गोवर्धनला आहे.

राहण्याचं थोडक्यात. कॉलेज रोड, गंगापूर रोड महाग. अशोक स्तंभ, पंचवटी, म्हसरूळच्या बाजूला कॉट बेसिसवर स्वस्त पडतं. सरकारी वसतिगृहाचा अर्ज आधी भरा. तिथे नंबर लागला नाही तर आदिवासी मुलांसाठी स्वयम आणि अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. कागदपत्रं गावाहून निघतानाच पूर्ण करून आणा, नंतर एका दाखल्यासाठी दोन-दोन चकरा होतात. रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, नाशिकरोड म्हणजे नाशिक नव्हे. तिथून शहरात यायला सिटीलिंकची बस पकडावी लागते.

आता मुद्द्याचं. नाशिकला आल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत काय होतं ते मी कितीतरी जणांच्या बाबतीत पाहिलंय. कुणीतरी हसतं. ‘माले’ म्हटलं की हसतं, ‘शे’ म्हटलं की हसतं. मग पोरगी गप्प बसायला शिकते, आणि दिवाळीला घरी जाते तेव्हा आईशीसुद्धा पुस्तकी मराठीत बोलते. बाकीच्यांचं यात फार बिघडत नाही. भाषाविज्ञान करणाऱ्याचं मात्र भांडवलच जातं. बाहेरून आलेला संशोधक जे कळायला वर्षानुवर्षं घालवतो ते तुमच्या जिभेवर फुकट बसलंय. वर्गात प्रमाण मराठी बोला, मुलाखतीत बोला, काही हरकत नाही. पण पहिल्याच महिन्यात एक दोनशे पानी वही करा आणि आपण घरी कसं बोलतो ते उतरवायला लागा. शहरी कान तयार झाल्यावर ‘आपण नक्की असंच म्हणायचो का’ अशी शंका यायला लागते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

वहीत काय लिहायचं? शब्दांच्या याद्या कमी, वाक्यं जास्त. आमच्या खानदेशातली अहिराणीच घ्या. मराठीत ‘मला’, आपल्याकडे ‘माले’. मराठीत ‘आहे’, आपल्याकडे ‘शे’, आणि हा ‘शे’ गुजरातीच्या ‘छे’च्या किती जवळ बसतो बघा. मराठीत ‘आला’, आपल्याकडे ‘उना’. म्हणजे भूतकाळातला तो ‘ल’ काही क्रियापदांत ‘न’ होऊन बसलाय. ब्रिटिश काळातला भाषा-अभ्यासक ग्रिअर्सन, त्याने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, मराठीच्या खंडात जागा दिली नाही. 1907 च्या भागात ती भिल्ली भाषांच्या शेजारी ठेवली. कित्येक मराठी अभ्यासक तिला मराठीची बोली म्हणतात. 2011 च्या जनगणनेत खानदेशी स्वतंत्र मोजली गेली आणि बोलणारे भरले 18 लाखांच्या वर. यात खरं कोण? लगेच बाजू घेऊ नका. अशी ‘ले’, ‘शे’, ‘उना’ची शंभर वाक्यं समोर ठेवून जो बोलेल त्याच्याच बोलण्याला वजन असतं. व्हॉट्सॲपवर ‘अहिराणी भाषा की बोली’ असं भांडण पेटतं तेव्हा मी नुसतं वाचते.

मेसचं टेबल ही तुमची दुसरी प्रयोगशाळा. एका पंगतीला सटाण्याची एक, सुरगाण्याची एक, मालेगावची उर्दू बोलणारी एक आणि निफाडची एक एवढ्या जणी बसल्या की अख्खा जिल्हा बोलायला लागतो. सुरगाण्याची मैत्रीण तिच्या भाषेला कोकणी म्हणेल. ती गोव्याची कोकणी नव्हे, कोकणा आदिवासींची भाषा आहे. ‘अशुद्ध मराठी’ हा शब्द त्या टेबलावर कुणी काढला तर तिथल्या तिथे थांबवा. कोण बरोबर, कोण चूक हे ठरवणं या विषयाचं कामच नाही. लोक काय बोलतात आणि त्यात कोणता नियम आहे हे शोधणं हे काम. व्याकरणाच्या तासाला लाल शाई खाल्लेल्यांना हे पटायला वेळ लागतो.

नियम शोधणं म्हणजे काय, याचा एक नमुना. ‘तू पोळी खाल्लीस.’ शेवटचं क्रियापद सुटं करा. ‘खाल्ली’तली ई पोळीमुळे आली, आंबा असता तर ‘खाल्लास’ झालं असतं. आणि शेवटचा ‘स’ आला तो ‘तू’मुळे. एकाच क्रियापदाने खाणाऱ्याशीही जुळवून घेतलं आणि खाल्लेल्याशीही. पुढे ‘त्याने पोळी खाल्ली’ म्हणताना ‘ने’ लागतो, पण ‘मीने’ कुणी म्हणत नाही. का नाही, हा प्रश्न टीवायच्या पोरांना विचारलात तर ‘तसंच असतं’ असं उत्तर येईल. ते उत्तर ज्याला पुरत नाही त्याने या विषयात यावं. आता हेच वाक्य सुरगाण्याच्या, पेठच्या, सटाण्याच्या मैत्रिणींकडून म्हणवून घ्या आणि तुमचं धरून चार उत्तरं एकाखाली एक लिहा. तुमचा पहिला प्रकल्प तयार.

ध्वनींसाठी देवनागरीवर विसंबू नका. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतले दोन ‘ज’ आपण वेगळे उच्चारतो, लिहितो मात्र सारखेच. म्हणून आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी, म्हणजे प्रत्येक ध्वनीला स्वतःची खूण देणारी लिपी, पहिल्या वर्षीच, कुणी सांगायची वाट न बघता शिका. तक्ता इंटरनेटवर फुकट आहे. आवाजाचं विश्लेषण करायला प्राट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी केलेलं. साध्या लॅपटॉपवर चालतं. रेकॉर्डिंग मोबाइलवर केलंत तरी वेव्ह फाइलमध्ये करा, व्हॉट्सॲपच्या ऑडिओत बारकावे दबून जातात. आणि रेकॉर्डिंगआधी समोरच्याला विचारा, कशासाठी हवंय ते सांगा. आजीला ‘हे वाक्य तुमच्या भाषेत म्हणा’ म्हटलं की ती शहाण्यासारखी पुस्तकी बोलते. त्यापेक्षा लग्नात काय गोंधळ झाला होता ते विचारा आणि गप्प बसा.

आणखी एक: संज्ञा दोन्ही भाषांत पाठ ठेवा. मराठीवाले स्वन (तोंडून निघालेला ध्वनी), स्वनिम (बदलला की अर्थ बदलतो असा ध्वनी), रूपिम (अर्थ असलेला शब्दाचा लहानात लहान तुकडा) म्हणतात. इंग्रजीवाले फोन, फोनीम, मॉर्फीम. पुढचं शिक्षण बरंचसं इंग्रजीतून होतं, आणि नुसत्या शब्दापायी अडलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. वाचायला बसायचं असेल तर 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, नाशिककर त्याला ‘सावाना’ म्हणतात. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने मिळून केलेलं मराठी बोलींचं सर्वेक्षणही ऑनलाइन आहे. त्यात तुमच्या जिल्ह्यातली गावं शोधा, ध्वनिमुद्रणं ऐका, आणि तुमच्या वहीशी ताडून बघा.

एक रविवार पांडवलेण्यांना द्या. पाथर्डी फाट्याला उतरून चढायचं. गर्दी फोटो काढते तिथे तुम्ही लेणं क्रमांक 3 च्या भिंतीकडे बघा. गौतमी बलश्रीने मुलाची, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीची स्तुती तिथे कोरून घेतलीय, ब्राह्मी लिपीत आणि प्राकृतात. त्यात ‘खतियदपमानमदनस’, म्हणजे ‘क्षत्रियांचा दर्प आणि मान मोडणाऱ्याचा’, असं एक विशेषण आहे. संस्कृतातल्या क्षत्रियाचा ‘खतिय’ झालाय, दर्पाचा ‘दप’, आणि षष्ठीचा ‘स्य’ झिजून ‘स’ उरलाय. दुहेरी व्यंजन तेव्हा एकदाच लिहायचे, म्हणून ‘दप्प’ न दिसता ‘दप’ दिसतं. ध्वनिपरिवर्तनाचं प्रकरण पुस्तकात कंटाळवाणं वाटतं, तिथे उभं राहून वाटत नाही. तिथून क्रमांक 10 मध्ये जा: क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखांत संस्कृत कसं डोकावतं ते दिसेल. आधी छापील पाठ जवळ ठेवा, नाहीतर नुसत्या रेघा दिसतील. भिंतीला हात लावू नका.

‘हे करून पुढे काय?’ हे घरी विचारणारच. खरं सांगते, पदवीवर थेट नोकरी मिळेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एमए करावं लागतं. पुण्याचं डेक्कन कॉलेज, जिथे भाषावैज्ञानिक अशोक केळकरांनी शिकवलं, आणि मुंबई विद्यापीठ ही जवळची ठिकाणं. मराठी-इंग्रजीची पदवी त्यासाठी चालते. त्यानंतर नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा, भाषाविज्ञान विषयातून देता येते. दुसरी वाट संगणकाची: मशीनला मराठी शिकवायची तर बोली ओळखणारी, वाक्याची चिरफाड करता येणारी माणसं लागतात. म्हणून सुट्टीत पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडी शिकून घ्या. वाचा-उपचाराची (स्पीच थेरपीची) मात्र वेगळी वाट आहे, तिला बारावी सायन्स लागतं. आर्ट्स घेतल्यावर कुणी ते स्वप्न दाखवलं तर आधी पात्रता वाचा.

तिसऱ्या वर्षाची दिवाळी झाली की प्रवेशाच्या तारखा बघायला लागा. अर्जासोबत कामाचा नमुना मागितला तर ती वहीच उपयोगी पडेल, म्हणून तिच्या पानांवर तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं अंदाजे वय पहिल्या दिवसापासून टाकत चला. नावं लिहू नका.