कोरियन आणि चिनी औषधी वनस्पतींची तुलना करताय? मग या चुका टाळा

आयुर्वेद आणि बॉटनीवाली काही मुलं हल्ली कोरियन पण शिकतायत आणि प्रोजेक्टला हाच विषय घ्यावा का असं विचारतात, म्हणजे औषधी वनस्पतींचं कोरियाचं पारंपरिक ज्ञान आणि चीनचं, त्यात सारखं काय नि वेगळं काय. घ्या, नक्की घ्या, विषय फार सुंदर आहे. फक्त सुरुवातीलाच एक खड्डा आहे, मी त्यात पडलो होतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मी काय केलं होतं, तर एक्सेलमध्ये एका कॉलममध्ये कोरियन औषधांची नावं चिनी अक्षरांत आणि शेजारच्या कॉलममध्ये चिनी नावं, अक्षरं जुळली की "सारखं" म्हणून टिक. भराभर टिका पडत गेल्या आणि मला वाटलं झालं की काम. त्यातली दांगग्वी नावाच्या औषधी मुळाची पहिलीच ओळ चुकीची निघाली.

दांगग्वीला चीनमध्ये दांगग्वेई म्हणतात, अक्षरं तीच, बायकांच्या पाळीच्या तक्रारींवर द्यायचं, रक्त वाढवायला द्यायचं हेही दोन्हीकडे तेच, मग शंका कशाला येईल? पण चीनचं दांगग्वेई म्हणजे अँजेलिका सायनेन्सिस, पांढऱ्या फुलांचं, जास्त करून गान्सू प्रांतात पिकतं, आणि कोरियाच्या अधिकृत औषधकोशात दांगग्वी म्हणजे अँजेलिका गिगास, ज्याची फुलं गडद जांभळी असतात, आणि जपानमध्ये परत त्याच अक्षरांखाली तिसरंच, अँजेलिका अॅक्युटिलोबा. बहिणी-बहिणी म्हणा हवं तर, पण झाडं तीन आहेत. मुळातली द्रव्यं पण वेगळी, गिगासमध्ये डेकर्सिन भरपूर असतं, तर सायनेन्सिस ओळखतात ते लिगस्टिलाइडवरून. त्यामुळे एकावर झालेला अभ्यास दुसऱ्याच्या नावावर खपवता येत नाही.

आपल्याला हे नवीन वाटायचं खरं तर काही कारण नाही. ब्राह्मी मागितली की कोणी बॅकोपा देतं, कोणी कारिवणा देतं, आणि शंखपुष्पी म्हणून केरळात आपली गोकर्ण वापरतात. नाव एक, झाडं वेगळी, हा घोळ आपण घरातच बघितलाय, तरी परक्या लिपीत तोच घोळ आला की आपण अक्षरावर विश्वास ठेवून मोकळे होतो.

आणि हा नुसता मार्कांचा प्रश्न नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांमध्ये फांगजी नावाचं चिनी औषध घालायचं होतं, हवं होतं स्टेफानिया टेट्रांड्रा, पण नावातल्या साम्यामुळे आलं अॅरिस्टोलोकिया फांगची, आणि त्यातल्या अॅरिस्टोलोकिक अॅसिडने कितीतरी बायकांच्या किडन्या गेल्या. आता बघा, कोरियात हीच अक्षरं बांगी अशी वाचतात आणि तिथे ते तिसरंच झाड, सिनोमेनियम अॅक्युटम. म्हणजे या एका नावाखाली तीन झाडं, आणि त्यातलं एक जीवघेणं.

दुसरं उदाहरण कोरियातलंच आहे, २०१५ चं. बेकसुओ नावाचं मूळ तिथे पाळी जायच्या वयातल्या बायकांमध्ये खूप चालत होतं, ते म्हणजे सायनँकम विल्फोर्डी. ग्राहक संरक्षण संस्थेने ३२ उत्पादनं तपासली तर खात्रीने खरी फक्त ३ निघाली, बाकी बऱ्याच ठिकाणी सायनँकम ऑरिक्युलेटम हे दिसायला तसंच पण लवकर वाढणारं आणि स्वस्त मूळ घातलेलं होतं. ते कोरियात खाद्यपदार्थ म्हणून मान्य नव्हतं आणि चीनमध्ये मात्र बाइशौवू, म्हणजे तीच अक्षरं, म्हणून खातात ते हेच. त्यातच हशौवू हे आणखी एक मिळतंजुळतं नाव आहे, ते पॉलिगोनम मल्टिफ्लोरम, कुळच वेगळं, आणि त्याने लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून वाचून उत्साहाने यातलं काही ऑनलाइन मागवून घरी काढा करू नका, प्लीज.

मग करायचं काय? कॉलम वाढवा. शास्त्रीय नाव, कुठला भाग (मूळ, साल, पान), कशी प्रक्रिया केली, कशावर दिलं, कुठे नि कोणाकडून कळलं. शास्त्रीय नावं पण बदलतात हे लक्षात ठेवा, वरचं पॉलिगोनमच फॅलोपिया म्हणून सापडेल आणि रेनुट्रिया म्हणूनही, अकँथोपॅनॅक्स आणि एल्युथेरोकॉकस हे पण एकच. एकच झाड दोन ओळींत आलेलं दिसलं तर लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानाच्या ऑनलाइन यादीत टाकून आजचं मान्य नाव घ्या आणि ओळी एक करा. कोरियासाठी कोरियाचा औषधकोश, चीनसाठी चीनचा, एकाचा दुसऱ्याला लावायचा नाही. आणि नक्की कुठलं झाड तेच कळत नसेल तर ती ओळ तुलनेत धरू नका.

सर्च करताना काहीच सापडत नाही ही पण नेहमीची तक्रार. जिनसेंगचंच घ्या, कोरियन लोक दुसऱ्या अक्षरावर गवताचं चिन्ह घालून लिहितात, चीनमध्ये ते नसतं आणि शिवाय आता सोपं केलेलं अक्षर वापरतात, त्यामुळे एकाने शोधलं तर दुसरं येतच नाही, तिन्ही रूपं टाकून बघा. आणि १९८६ साली कोरियाने आपल्या वैद्यकाच्या नावातलं "हान" हे अक्षर बदललं, आधी चीनवाचक होतं ते कोरियावाचक केलं, उच्चार तोच, म्हणून जुने लेख जुन्या अक्षरांनी शोधावे लागतात.

आता ग्रंथांकडे येऊ, कारण इथली चूक हुशार मुलंही करतात. कोरियाचा दोंगुई बोगाम एका हाताला, चीनचा बेन्त्साओ गांगमू दुसऱ्या हाताला, आणि दोन्हीत जे वेगळं दिसेल ते "कोरियन वैशिष्ट्य". ऐकायला बरोबर वाटतं पण नाहीये. दोंगुई बोगाम लिहिणाऱ्या हॉ जुन या वैद्याला राजाने काम सांगितलं १५९६ मध्ये, ते पुरं झालं १६१० ला आणि छापलं गेलं १६१३ ला. ली शिझेनचा बेन्त्साओ गांगमू, १८९२ औषधांचा, तो स्वतः चीनमध्येच १५९० च्या दशकात छापून आला. हॉ जुनच्या औषधी विभागाचा आधार होता त्याच्या कितीतरी आधीचा, सॉंग काळातला झंगलेई बेन्त्साओ. म्हणजे दोन ग्रंथांत फरक दिसला तो देशांचा असेलच असं नाही, एकाने जुनं चिनी पुस्तक वापरलं आणि दुसरं नवं चिनी पुस्तक आहे, एवढाच असू शकतो. तुलना करायचीच तर झंगलेईशी करा. आणि साम्य मोजून "बघा, कोरियाने सगळं चीनकडून घेतलं" असंही लिहू नका, कारण ग्रंथ उतारे देतो हे तो स्वतःच सांगतो, उताऱ्यात साम्य असणारच ना.

कोरियाचं स्वतःचं काय ते वेगळ्या ठिकाणी शोधावं लागतं. हॉ जुनने सहाशेच्या वर औषधांना हंगुलमध्ये, म्हणजे कोरियाच्या स्वतःच्या लिपीत, लोकांची बोलीतली नावं दिली, चीनहून आणाव्या लागणाऱ्या औषधांवर तशी खूण केली, का तर खेड्यातल्या माणसालाही दाराजवळचं झाड ओळखून वापरता यावं. त्याच्याही आधी १४३३ मध्ये राजा सेजोंगच्या काळात ह्यांगयाक जिपसॉंगबांग झाला, ह्यांगयाक म्हणजे आपल्या मातीतलं औषध. मला तर वाटतं ज्याला खरंच तुलना करायचीय त्याने या बोलीतल्या नावांपासूनच सुरुवात करावी. जिनसेंगपुढे हॉ जुनने हंगुलमध्ये एकच अक्षर लिहिलंय, सिम. आजही कोरियात डोंगरातलं जिनसेंग शोधणाऱ्याला सिममानी म्हणतात आणि झाड दिसलं की तो ओरडतो "सिम ब्वात्ता", सिम दिसलं! आणि चीनकडच्या जंगलात शोधणारे ओरडतात बांगच्वेई, म्हणजे धुणं धोपटायचं दांडकं, मुळाच्या आकारावरून, आणि झाडाला लाल दोरा बांधतात. झाड एकच, पॅनॅक्स जिनसेंग, डोंगरही एकच, कोरियन त्याला पेक्तू म्हणतात आणि चिनी चांगबाई. (कोरियन जिनसेंग आणि चिनी जिनसेंग ही दोन झाडं नाहीत, ही पण एक फार पसरलेली चूक, लाल जिनसेंग म्हणजे तेच मूळ वाफवून वाळवलेलं. अमेरिकन मात्र खरंच वेगळं.)

स्वयंपाकघर विसरू नका. दोराजी नावाच्या झाडाचं मूळ कोरियात भाजी म्हणून रोजच्या जेवणात असतं, चीनमध्ये तेच ज्येगंग नावाने जास्त करून खोकल्याच्या औषधात जातं, आणि फक्त औषधांची यादी घेतली तर हा फरक तुम्हाला दिसणारच नाही.

वजनं जुळवताना सांभाळा. कोरियन वजनाचं "दोन" हे माप म्हणजे ३.७५ ग्रॅम, त्याच जागी चिनी "चियेन" जुन्या नुस्ख्यात साधारण ३ ग्रॅम धरतात पण आजच्या बाजारात ५. सरसकट एकच आकडा लावला तर डोस चुकतो. कोरियात औषधाचा गन ६०० ग्रॅमचा, चीनचा जिन ५००.

सासांग, म्हणजे प्रकृतीवर आधारलेलं कोरियन वैद्यक, त्याबद्दल थोडक्यात, इ जे-माने १८९४ मध्ये माणसांच्या चार प्रकृती मांडल्या, ते कोरियाचं खास आहे, पण वात-पित्त-कफाला जोडून तक्ता करू नका, चार आणि तीन बसवायच्या नादात दोन्हीची मोडतोड होते.

राहिला प्रश्न यानबियानचा, म्हणजे चीनच्या जिलिन प्रांतातला कोरियन लोकांचा स्वायत्त भाग. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कोरियातून माणसं सीमेवरची नदी ओलांडून तिकडे गेली. तिथली आजी दोराजी खाते, कोरियनमध्ये नाव सांगते आणि औषध चिनी दुकानातून आणते. तिचं ज्ञान कुठल्या कॉलममध्ये टाकणार? मी तिसरा कॉलम केला, त्यात देश लिहिलाच नाही, गाव, बोली आणि घरचे मूळचे कुठले एवढंच लिहिलं.