वेचणीच्या हिशेबाचं पान

खानदेशात शिक्षक म्हणून तुमची नवी नेमणूक झाली असेल, तर जून संपायच्या आत एक वाक्य तुमच्या कानावर पडेलच: "मॅडम, वही घरच र्‍हायनी." अहिराणी येत नसली तरी याचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही.

मी चोपडा तालुक्यातल्या एका गावच्या माध्यमिक शाळेत चौदा वर्षं विज्ञान आणि गणित शिकवतेय. त्यातली बरीच वर्षं नववी-दहावीची वर्गशिक्षिका आहे. पहिली दोन वर्षं या वाक्यावर माझ्याकडे एकच उपाय होता: वही नाही, तर वर्गाबाहेर. त्यानं वह्या आल्या नाहीत, मुलंच येईनाशी झाली. दिवसभर व्हरांड्यात उभं राहण्यापेक्षा वावरात गेलेलं बरं, असा सरळ विचार त्यांनी केला. ती दोन वर्षं मला आजही टोचतात. नव्यानं येणाऱ्यांची तेवढी वर्षं तरी वाचावीत म्हणून हे लिहितेय.

माझे डोळे उघडले ते एका दप्तरामुळे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली होती. नववीतली एक मुलगी चार दिवसांनी वर्गात आली. आईबरोबर कापूस वेचायला जात होती, हे मला माहीत होतं. विज्ञानाची वही मागितली, तर दप्तरात हात घालून ती शोधतच राहिली. मधल्या सुट्टीत तिला शिक्षकखोलीत बोलावलं आणि आम्ही दोघींनी मिळून दप्तर टेबलावर रिकामं केलं. इतिहासाची वही दोन्ही बाजूंनी सुरू केलेली. पुढून इतिहास, मागून विज्ञान, मधेच मराठीचा अर्धा निबंध. घटक चाचणीचे दोन पेपर चार घड्या घालून भूमितीच्या पुस्तकात खुपसलेले. कंपासपेटीत कर्कटक नव्हतं, कापसाचा एक पुंजका होता. आणि सगळ्यात खाली पुठ्ठा निघालेली एक लहान वही.

ती उघडली आणि मी बघतच राहिले. वेचणीचा हिशेब होता. पट्टीनं आखलेले रकाने: तारीख, आई, मावशी, मी. प्रत्येक तारखेपुढे तिघींनी वेचलेल्या कापसाचे किलो. आठवड्याचे पैसे हातात पडले की खाली आडवी रेघ आणि 'मिळाले'. एकही दिवस सुटलेला नव्हता, एकही आकडा गिरवलेला नव्हता.

"हे कधी लिहितेस?" मी विचारलं.

"काट्यावरच. कापूस मोजला की लगेच. घरी गेल्यावर आईच्या ध्यानात राहत नाही."

या मुलीला वळण नाही, असं मी जूनपासून धरून चालले होते. वळण तिला होतंच. लिहायची वेळ ठरलेली, जागा एकच, आणि लिहिलं नाही तर कोणाचे पैसे बुडतील हे पक्कं ठाऊक. माझ्या विषयात यातलं काय होतं? गृहपाठ मी कधी फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे, कधी घंटा झाल्यावर तोंडी सांगायचे. द्यायची तारीख कधी सांगायचे, कधी नाही. पसारा दप्तरात दिसत होता, पण त्याची सुरुवात माझ्यापासून झाली होती.

दुसऱ्याच दिवशी तिची परवानगी घेऊन तसंच पान फळ्यावर आखलं. तारीख, विषय, काय करायचं, कधी द्यायचं. झालं की आडवी रेघ. प्रत्येकाला एक लहान वही. मुलांनीच तिला 'हिशेबाची वही' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव टिकलं. तेव्हापासून दर जूनला पहिल्या आठवड्यात आम्ही ही वही आखतो. छापील रोजनिशी देऊ नका. स्वतः आखलेल्या रकान्यावर मुलांचा जीव असतो, छापील वही आठवड्यात रद्दीत जाते.

ही वही चालायची तर शेवटच्या तासाची शेवटची पाच मिनिटं तिच्यासाठीच राखून ठेवा. घंटेनंतर नाही, घंटेच्या आधी. घंटा झाली की बाहेरगावची मुलं एसटीकडे पळतात, त्यांना मग देवही थांबवू शकत नाही. त्या तासाला तुमचा विषय नसेल तर सहकाऱ्याशी बोलून ठेवा. पाच मिनिटांना कोणी नाही म्हणत नाही. पहिले तीन आठवडे मुलांबरोबर तुम्हीही लिहा, फळ्यावर लिहून दाखवा. गणपतीत एकदा आणि दिवाळीनंतर एकदा ही सवय मोडते. दोन्ही वेळा मी न रागावता पहिल्या दिवसासारखी सुरुवात करते.

गृहपाठ व्हॉट्सअॅपवर टाकला की काम झालं, असं शहरातून आलेल्यांना वाटतं. आमच्याकडे बऱ्याच घरांत एकच फोन असतो आणि तो दिवसभर वडिलांबरोबर शेतात फिरतो. रात्री तो घरी येतो तेव्हा मुलं झोपलेली असतात. कागद बरा.

आता वर्षाच्या आखणीबद्दल. शाळेचं वर्ष १५ जूनला सुरू होतं, पण गावाचं वर्ष तेव्हा सुरू होत नाही. खानदेशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बदलतं. जुन्या मालकाकडचा हिशेब मिटतो, कुटुंब दुसऱ्या गावी जातं, आणि तुमच्या हजेरीपटावरची दोन नावं जूनमध्ये गायब असतात. म्हणून एप्रिलमध्येच, सकाळच्या शाळेच्या दिवसांत, वर्गात विचारून ठेवा: कोणाचं घर हलणार आहे? दाखला, गुणपत्रक आणि पुढच्या शाळेचं नाव तेव्हाच मार्गी लागतं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं तसंच. त्यांच्या मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते दाखवून जिथे जातील तिथल्या शाळेत बसता येतं. पण कुटुंब निघायच्या आधी ते मुलाच्या हातात पडलं पाहिजे. गाडी भरून दारात उभी राहिल्यावर काही होत नाही.

वर्गाच्या भिंतीवर आम्ही एक मोठा तक्ता लावतो आणि तो मुलांकडून भरून घेतो. चाचण्या आणि सत्र परीक्षा मी सांगते, बाकीचं ती सांगतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे खानदेशातला देवीचा घरगुती उत्सव, त्या दिवसांत सुरतेहून पाहुणे येणार, घर भरलेलं असणार. मग पोळा, गणपती, नवरात्र. बागायती कापसाची वेचणी दसऱ्याच्या आगेमागे जोरात येते आणि फरदड ठेवली, म्हणजे वेचणीनंतर झाडं न उपटता पुन्हा कापूस घेतला, तर जानेवारीनंतरही चालू राहते. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा. सातपुड्यातल्या पाड्यांवरून येणाऱ्या पावरा आदिवासी मुलांचा भोंगऱ्या, म्हणजे गावोगावच्या बाजारांचा सण, होळीच्या आधीच्या आठवड्यात. हे सगळे दिवस एकदा डोळ्यांसमोर आले की प्रकल्पाची तारीख कानबाईच्या सोमवारी कोणी ठेवत नाही. मी पूर्वी ठेवत होते आणि मग मुलांना बेजबाबदार म्हणत होते.

घरी वेगळा तक्ता नको. स्वयंपाकघरात कॅलेंडर असतंच. त्यावर दुधाचे लिटर, गॅस सिलिंडर कधी लावलं, भिशीची तारीख हे सगळं लिहिलेलं असतं. मुलांना सांगा, चाचणीच्या तारखा त्याच कॅलेंडरवर लिहा. आई दिवसातून चार वेळा त्याच्यासमोर उभी राहते. एका आईनं मला सांगितलं, की पेपरच्या चौकोनावर मुलानं गोल केलेला दिसला म्हणून त्या दिवशी तिनं त्याला वेचणीला नेलं नाही. मजुरी बुडवून आई मुलाला घरी ठेवते, तेव्हा ती तारीख तिच्या डोळ्यांसमोर किती आधीपासून होती, यावर बरंच अवलंबून असतं.

दप्तर रात्री भरायचं. बाहेरगावच्या मुलांची पहिली गाडी म्हणजे गावात मुक्कामाला आलेली एसटी. ती उजाडताच निघते, तेव्हा अंधारात वही शोधता येत नाही. रविवारी दप्तर पूर्ण झाडायचं, उलटं करून. सुटे कागद बटणाच्या एका फाइलमध्ये. शाळेत एका कपाटात मी नेहमी जास्तीची दोन कर्कटकं, पेनं आणि सुटे आखीव कागद ठेवते. ज्याचं राहिलं असेल त्यानं न विचारता घ्यायचं आणि जाताना परत ठेवायचं. चौदा वर्षांत फार थोडं हरवलं.

चार दिवस वेचणीला गेलेल्या मुलाचं काय? सांगून पाहिलं, की मित्राची वही घेऊन उतरवून काढ. मुलं उतरवतात, पण कळत काही नाही. आता प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून दिलाय, शक्यतो त्याच गल्लीतला किंवा त्याच गाडीचा. गैरहजेरीच्या दिवसाचं पान हिशेबाच्या वहीत जोडीदार भरतो. मूल परत आलं की मी फक्त त्या पानावरची दोन उदाहरणं समोर बसून सोडवून घेते. बाकीचं ते दोघं बघतात.

अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते आणि तिथलं छात्रालयही सांभाळत होते. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडायचे, पसरलेले कपडे घडी करून ठेवायचे, असं त्यांच्याबद्दल सांगतात. बोलून काही न दाखवता. नव्या शिक्षकाला हे भाबडं वाटेल. मला आता वाटत नाही. दप्तर कसं लावायचं हे घरात शिकवायला कोणाला वेळ नसेल, तर एकदा तरी कोणीतरी मुलाबरोबर खाली बसून ते लावून दाखवायला हवं. आपण वर्तुळ काढायला शिकवतो, तसंच हेही.

नववी-दहावीत पसाऱ्याची किंमत थेट गुणांत मोजावी लागते. विज्ञानाला ८० गुण लेखी आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे. गणितातही २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. हुशार मुलाची प्रयोगवही अपुरी राहते आणि जे हातचे गुण होते तेच जातात. प्रयोगवह्या मी घरी नेऊच देत नाही, वर्गातच ठेवते. प्रयोग झाला त्याच दिवशी आकृती आणि निरीक्षण, काट्यावरच्या हिशेबासारखं.

कागदपत्रांची वेगळी फाइल आठवीतच सुरू करा. एनएमएमएस ही आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा आठवीत असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आमच्याकडे ही रक्कम म्हणजे मुलीचं शिक्षण चालू राहणं. पण उत्पन्नाचा दाखला वेळेत नसेल, बँक खात्याला आधार जोडलेलं नसेल, तर अभ्यास करूनही हात रिकामे. आधार, शाळेचं जनरल रजिस्टर आणि बँक पासबुक ही तिन्ही शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर पडताळा. आडनाव एकीकडे 'पाटील' आणि दुसरीकडे नुसतं वडिलांचं नाव, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. दहावीचा अर्ज भरण्याआधी दुरुस्ती सोपी असते. प्रमाणपत्र छापून आल्यावर थेट नाशिकच्या विभागीय मंडळापर्यंत जावं लागतं. जातीचा दाखला बारावीनंतर बघू, असं पालक म्हणतात. तोवर थांबू देऊ नका.

बोर्डाच्या तारखा गृहीत धरू नका. २०२४ साली दहावीची परीक्षा १ मार्चला सुरू झाली, २०२५ मध्ये २१ फेब्रुवारीला. हे आठ दिवस शहरात जाणवलेही नसतील. इथे फरदडीचा कापूस तेव्हा कुठे आवरत होता. त्याच वर्षी शेवटच्या टप्प्यातले पेपर आणि भोंगऱ्याचे बाजार एकाच आठवड्यात आले. पाड्यावरच्या आमच्या मुलांना आम्ही जानेवारीतच त्या तारखा दाखवल्या. घरच्यांशी बोलून काहींनी मधला मोकळा दिवस बाजारासाठी ठेवला आणि परत येऊन पेपर दिला. बाजार चुकवा, असं मी त्यांना सांगितलं नाही आणि सांगणारही नाही.

शेवटचं काम फेब्रुवारीतलं. आमच्या मुलांचं परीक्षाकेंद्र दुसऱ्या गावी असतं. परीक्षेच्या आधीच्या रविवारी मी त्यांना एसटीनं तिथे घेऊन जाते. पेपर ११ वाजता, केंद्रावर अर्धा तास आधी पोचायचं, म्हणजे कोणती गाडी, ती चुकली तर मागून येणारी कोणती, हे मुलं स्वतः वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशी जाऊन विचारतात. केंद्राचं फाटक, पाण्याची टाकी, बाकांच्या खोल्या कुठे, हे पाहून येतात. परतीच्या गाडीत सगळे हिशेबाची वही मांडीवर घेऊन शेवटचं पान आखतात: तारीख, पेपर, गाडी, हॉल तिकीट.