फ्लायव्हीलमागची ऑइलगळती अशी थांबवली

पिंपळगावला आमच्या बागेत फवारणीचा ब्लोअर ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्लच घसरू लागला आणि बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) खालच्या भोकातून ऑइल ठिबकू लागलं. बोटावर घेतलं तर पातळ, काळंकुट्ट. म्हणजे इंजिनचंच, गिअर ऑइल सहसा असं काळं पडत नाही.

ट्रॅक्टर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून वेगळा केला, क्लच उतरवला. फ्लायव्हील (क्लचमागचं जड चाक) आणि क्रँक (ते फिरवणारा इंजिनचा दांडा) यांवर पंचने खूण केली, म्हणजे परत तसंच बसवता येतं. समोरासमोरचे दोन बोल्ट काढून तिथे लांब स्टड लावले, की एवढं जड चाक त्यांवर सरकत येतं, पायावर पडत नाही.

क्रँकभोवती ऑइल अडवणारा सील बदलणं सोपं. पण क्रँकवर नख फिरवलं तर अडकलं! जुन्या सीलच्या ओठाने तिथे चर पाडला होता. म्हणून नवा सील किंचित कमी खोल ठोकला, म्हणजे ओठ चराबाहेर बसतो; ओठ इंजिनकडे, त्याला ऑइल चोपडून. फ्लायव्हीलच्या बोल्टची भोकं क्रँककेसमध्ये आरपार होती, तिथूनही ऑइल येऊ शकतं. आटे धुऊन, सुकवून सीलंट लावलं. बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने), समोरासमोर आवळले.

आणि ब्रीदर (इंजिनातला दाब बाहेर सोडणारी वाट) नक्की साफ करा. आमचा चिकट घाणीने तुंबला होता, आणि आतला दाब वाढला की नवा सीलही गळतो. आता बेलहाउसिंग कोरडं ठणठणीत आहे.