जुना अमेरिकी लष्करी कोट कोणत्या काळचा, हे कसे ओळखावे?

अमेरिकी सैन्याचा जुना कोट हाती आला की बहुतेकांची नजर आधी बाहीवरच्या बिल्ल्याकडे जाते, आणि फसगत होते ती तिथेच. बिल्ला पाच मिनिटांत उसवून दुसरा शिवता येतो. कोटाचे कापड आणि बेतणी मात्र बदलता येत नाही. म्हणून आधी घडण पाहावी, मग आतली चिठ्ठी वाचावी आणि बिल्ल्याकडे सर्वांत शेवटी वळावे.

पहिली पायरी घडणीची. १९४३ च्या नमुन्याचा कोट गडद हिरवट सुती साटीनचा असतो. त्याला चार मोठे खिसे असतात, पुढची बटणे झाकपट्टीखाली दडलेली असतात आणि कमरेला आतून ओढायची दोरी असते, पण पुढे चेन नसते. १९५१ च्या नमुन्यात चेन आली आणि तिच्यावर टिचबटणांची झाकपट्टी आली. १९६५ च्या नमुन्यात कॉलर उभी झाली, तिच्यात घडी घातलेले टोपडे चेनमागे सामावले गेले आणि मनगटाला व्हेल्क्रोची पट्टी आली. या शेवटच्या नमुन्याच्या अगदी सुरुवातीच्या कोटांना खांदापट्ट्या नाहीत व त्यांची चेन अ‍ॅल्युमिनियमची आहे. पुढे खांदापट्ट्या आल्या आणि नंतर चेनही पितळी झाली. नमुन्याच्या नावातले वर्ष हे तो नमुना ठरल्याचे वर्ष असते, हे मात्र पक्के ध्यानात ठेवावे, कारण एकच नमुना पुढे कित्येक वर्षे शिवला जात असे आणि त्यामुळे १९६५ च्या नमुन्याचा कोट १९८० च्या दशकातलाही असू शकतो.

दुसरी पायरी चिठ्ठीची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. गळ्याजवळ किंवा आतल्या खिशापाशी शिवलेल्या या चिठ्ठीवर मापाशिवाय दोन आकडे महत्त्वाचे असतात, एक कंत्राटाचा आणि दुसरा साठ्याचा. कंत्राट क्रमांकाच्या आरंभीची रोमन अक्षरे ते देणाऱ्या खात्याची असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या क्रमांकात ‘डब्ल्यू’ आणि ‘क्यूएम’ ही अक्षरे दिसतात. ‘क्यूएम’ म्हणजे क्वार्टरमास्टर, सैन्याचे पुरवठा खाते. १९६२ पासून संरक्षण पुरवठ्याचे काम डिफेन्स सप्लाय एजन्सीकडे आले, त्यामुळे क्रमांक ‘डीएसए’ने सुरू होऊ लागले. १ जानेवारी १९७७ रोजी या संस्थेचे नाव डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी झाले आणि चिठ्ठीवर ‘डीएलए’ आले.

समजा, चिठ्ठीवर ‘डीएसए १००-६७-सी’ असा आरंभ असलेला क्रमांक आहे. यातले ६७ हे कंत्राटाचे आर्थिक वर्ष होय. त्या काळी अमेरिकी सरकारचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होत असे, म्हणजे हे कंत्राट जुलै १९६६ ते जून १९६७ या काळातले ठरते. कोट प्रत्यक्ष शिवून व्हायला त्यानंतर काही महिने लागलेले असू शकतात. १९७६ मध्ये ही सुरुवात १ ऑक्टोबरवर गेली, म्हणून त्यापुढच्या चिठ्ठ्यांसाठी हिशेब बदलतो.

साठा क्रमांक, म्हणजे सैन्याच्या साठ्यात वस्तू कोणती हे ओळखण्याचा आकडा, या निष्कर्षाला दुजोरा देतो. १९७४ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत तो अकरा अंकी होता; त्यानंतर पहिल्या चार अंकांनंतर ‘००’ घालून तो तेरा अंकी करण्यात आला. आता दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावेत. क्रमांक तेरा अंकी आहे आणि कंत्राट मात्र ‘डीएसए’चे आहे, असा कोट साधारणपणे १९७४ ची अखेर ते १९७६ ची अखेर एवढ्या अरुंद पट्ट्यात बसतो. चिठ्ठी पुसट असेल तर दिवा बाजूने तिरपा धरून छायाचित्र घ्यावे. डोळ्यांना न दिसणारे अंकही पुष्कळदा त्यात उमटतात. महायुद्धकालीन चिठ्ठीवरच्या तारखेने मात्र घाईने निकाल काढू नये, कारण ती अनेकदा तपशीलपत्रकाची, म्हणजे कोट कसा शिवावा हे ठरवणाऱ्या कागदाची असते. असा कोट त्या तारखेनंतरचा आहे, एवढेच त्यावरून सांगता येते.

तिसऱ्या पायरीला बिल्ले. यंत्राने जाड गोठ घातलेली कड १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रूढ झाली, म्हणून महायुद्धातला म्हणून दाखवलेल्या बिल्ल्याला अशी कड असेल तर सावध व्हावे. अतिनील दिव्याखाली कृत्रिम धागा बहुधा चमकतो, जुना सुती धागा चमकत नाही. पण आजच्या साबणात धुतलेले जुने कापडही चमकू शकते, त्यामुळे ही चाचणी एकटी पुरेशी नाही.

आपल्याकडच्या संग्राहकांसाठी दुसऱ्या महायुद्धातल्या चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीचा बिल्ला खास महत्त्वाचा आहे. ढालीवर लाल-पांढरे उभे पट्टे, वरच्या निळ्या भागात चीनचा सूर्य आणि भारताचा तारा, असे त्याचे रूप आहे. सैनिकांनी हे बिल्ले भारतातल्या कारागिरांकडून जरीकामातही करून घेतले. अशा बिल्ल्यात टाके कमीजास्त लांबीचे असतात, तारा किंचित वाकडा असतो आणि जरीची तार काळवंडलेली असते. यंत्राच्या भरतकामाशी तुलना करून त्याला नकली ठरवणे हा त्या कारागिरावर अन्याय आहे.

पट्टे, पिशव्या आणि बाटल्यांचे काम तुलनेने सोपे आहे. कॅनव्हासच्या झाकणाच्या आतल्या बाजूस आणि धातूच्या बाटलीच्या बुडाशी कारखान्याचे नाव व वर्ष सहसा छापलेले किंवा ठोकलेले असते. १९४३-४४ च्या सुमारास कॅनव्हासचा रंग फिकट खाकीवरून गडद हिरव्याकडे गेला, आणि शिल्लक कापड वाया जाऊ नये म्हणून काही वस्तू दोन्ही रंगांत शिवल्या गेल्या. म्हणून झाकण हिरवे आणि अंग खाकी, अशी पिशवी जोडकाम समजून परत करू नये. एम-१ शिरस्त्राणात हनुवटीच्या पट्ट्याच्या कड्या १९४३ पर्यंत घट्ट जोडलेल्या आहेत, पुढे त्या हलत्या झाल्या. काठाच्या पट्टीचा सांधाही १९४४ च्या अखेरीस पुढून मागे गेला.

शेवटी कोट उलटा करून कॉलरच्या आत आणि खिशांच्या अस्तरावर धोबीखूण शोधावी. महायुद्धातल्या सैनिकाच्या आडनावाचे पहिले अक्षर आणि त्याच्या सेवा क्रमांकाचे शेवटचे चार अंक, एवढीच ती असते. १९६९ पासून सेवा क्रमांकाच्या जागी नऊ अंकी सामाजिक सुरक्षा क्रमांक आला, म्हणून कोटावर नऊ अंक सापडले तर तो त्यानंतरही वापरात होता. ही शाई बहुधा फिकट झालेली असते, तेव्हा तिचे छायाचित्र घेऊन होईपर्यंत कोटाला पाणी लावू नये.