कोकणात बीचवर जाताय? बॅग भरतानाच थोडं डोकं लावा

मे महिना आला की अर्धी मुंबई आणि पाऊण पुणं दापोली, गुहागर, मालवणला उतरतं. मजा करा, कोण नाही म्हणतंय, पण आपल्या सोसायटीत रोज सकाळी घंटागाडी येते तशी तिकडच्या बऱ्याच गावांत येत नाही हे आधी डोक्यात घ्या. होमस्टेच्या डस्टबिनमध्ये टाकलेली बाटली मग वाडीमागच्या खड्ड्यात पाचोळ्याबरोबर पेटवली जाते, नाहीतर खाडीकडे जाते. म्हणजे डस्टबिनमध्ये टाकलं की आपलं काम झालं, असं तिकडे नसतं.

म्हणून खरं काम घरूनच सुरू होतं. पाण्याचा मोठा कॅन गाडीत ठेवा, प्रत्येकाची एक स्टीलची बाटली, चिवडा-चकली डब्यात. रूम बुक करताना एसी आहे का विचारता ना, तसंच पिण्याचं पाणी फिल्टरचं किंवा उकळलेलं मिळेल का तेही विचारा, बऱ्याच ठिकाणी काकू आनंदाने भरून देतात. दोन-तीन जाड पिशव्या जास्तीच्या घ्या आणि सगळा सुका कचरा परत आणून आपल्याच घंटागाडीत द्या. डायपर आणि पॅड तर परत आणाच, ते धड जळत नाहीत आणि रात्री कुत्री ओढून रस्त्यावर आणतात. थर्माकोलच्या प्लेटा, प्लास्टिकचे चमचे यांच्यावर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी दुकानात मिळतात, तुम्ही घेऊ नका एवढंच.

पाण्याचं पण तेच. कोकणात पाऊस धो धो पडतो पण जांभ्याच्या जमिनीत टिकत नाही, एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात. समुद्रातून आलात की सगळी वाळू बाहेरच झटका, एक बादलीत अंघोळ होते, रोज टॉवेल धुवायला टाकायची काही गरज नाही.

आता गाडी. हात जोडून सांगतो, गाडी वाळूवर घालू नका, रीलसाठी तर अजिबात नको. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर जरा टेकून बसा, बारीक बारीक गोळ्यांची रांगोळी दिसेल आणि मधोमध एक भोक. पाच मिनिटं हलला नाहीत तर त्यातून नखाएवढा खेकडा बाहेर येतो, वाळू तोंडात घालतो, त्यातलं खाणं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतो, परत पुढची. अख्खा किनारा असा भरलेला असतो आणि त्यावरून आपली एसयूव्ही. वरच्या कोरड्या वाळूत तर नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, एका घरट्यात साधारण शंभर, वरून काही कळत पण नाही. टायरने वाळू दबते आणि चाकाच्या चरात पिल्लं अडकून बसतात. शिवाय भरती आली की गाडी रुततेच, मग ट्रॅक्टर शोधत फिरा, गाववाले ओढून काढतात पण मनातल्या मनात काय बोलतात ते विचारू नका.

कासवं बघायचीच असतील तर वेळासला जा, नाना फडणवीसांचं गाव, मंडणगड तालुक्यात. तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू केला, लोकांच्या घरीच राहायचं, घरचंच जेवायचं. पिल्लं सोडतात तेव्हा दोरीच्या मागे थांबा, फ्लॅश बंद, हात लावायचा नाही. एखाद्या दिवशी एकही पिल्लू निघत नाही, तेव्हा तिथल्या माणसांशी वाद घालू नका, अंडी आपल्या सुट्टीवर उबत नाहीत. आणि रात्री कुठल्याही किनाऱ्यावर टॉर्च नाचवू नका, पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, अंधारात समुद्र उजळ दिसतो म्हणून त्यांना तो सापडतो, तुमचा लाइट जास्त उजळ असेल तर चालली उलटी.

मालवणला स्नॉर्कलिंग करणार असाल तर प्रवाळावर उभं राहू नका, दगड वाटतो पण ते जिवंत असतं. तिथला काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. फोटोत मासे जमावेत म्हणून कोणी पाव टाकायला लागलं तर सरळ नको सांगा. डॉल्फिन दिसले की होडीवाल्या दादांना मागे लागायला लावू नका, इंजिन हळू करून थांबलं तर ते आपणहून जवळ येऊ शकतात. गेटवे-मांडवा बोटीवर कुरव (सीगल) पक्ष्यांना कुरकुरे टाकतात तेही बंद करा यार.

जेवणात हाताएवढंही नसलेलं पापलेट आलं तर पुढच्या वेळी दुसरा मासा मागा, पिल्लंच खाल्ली तर अंडी घालणार कोण. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलंय आपण! जून-जुलैत यांत्रिक होड्यांना बंदी असते, तेव्हा सुक्या बोंबलाची चटणी आणि फणसाची भाजी खा, मस्त लागते.

शंख उचललात तर आधी उलटा करून बघा, आत साधू खेकडा असू शकतो, आणि रिकामा असला तरी तो त्याचं पुढचं घर आहे. न्यायचंच काही असेल तर कोकमाचं आगळ न्या, घरगुती करणाऱ्या बायकांना आपली बाटली पुढे केली तर भरून देतात, फक्त झाकण घट्ट लावा, नाहीतर घाटात बॅगेतले सगळे कपडे लाल.