काउलवरचा खड्डा

धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत ई-रिक्षाच्या फायबर बॉडीचं काम होतं. पुढचा काउल (तोंडाकडचं कव्हर) आणि बाजूचं मडगार्ड सॉलिडवर्क्स या 3D डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉफ्टने, म्हणजे एका आकारापासून दुसऱ्यापर्यंत पृष्ठभाग ताणणाऱ्या टूलने, ओढून जोडलं. स्क्रीनवर शेडिंगमध्ये एकदम चकाचक. मोल्डवाले काका मागून वाकून म्हणाले, "भाऊ, आठे खड्डा दिसी ऱ्हायना." (इथे खड्डा दिसतोय.)

पटलं नाही. झेब्रा स्ट्राइप्स लावल्या (पृष्ठभागावर काळे-पांढरे पट्टे दाखवून दोष पकडायची सोय), तर जोडावर पट्टे भेटत होते, पण तिथंच कोपरा करून वळत होते. म्हणजे टँजन्सी (जोडावरची दिशा) जुळलेली, कर्व्हेचर (वळणाचा बाक) नाही. काकांची नजर सॉफ्टवेअरपेक्षा तेज!

मूळ घोळ स्प्लाइनचा, म्हणजे पॉइंटांमधून जाणाऱ्या वक्र रेषेचा. फोटोवरून गिरवताना मी 11 पॉइंट टाकले होते. कर्व्हेचर कोम्बचे, म्हणजे रेषेवर बाक दाखवणाऱ्या कंगव्याचे, दात वरखाली नाचत होते. 4 पॉइंट ठेवले, कोम्ब शांत झाला. मग जोडाजवळची पट्टी कापली आणि मधली जागा बाउंडरी सरफेसने (कडांवरून पृष्ठभाग बनवणारं टूल) भरली, दोन्ही कडांना 'कर्व्हेचर टू फेस', म्हणजे शेजारच्या पृष्ठभागाचा बाक जुळवायचा पर्याय, देऊन.

हेडलाइटजवळचा तिकोनी तुकडा मात्र सुरकुतत राहिला. तीन कडांच्या पॅचमध्ये (पृष्ठभागाच्या तुकड्यात) सगळ्या रेषा एका टोकाला गोळा होतात. टोक ट्रिम करून चार कडा केल्या, उरलेलं भोक फिल्ड सरफेसने (भोक बुजवायचं टूल) बुजवलं. पट्टे सरळ वाहिले. जाडी 3 मिमी दिली आणि काकांना पुन्हा बोलावलं. ते बराच वेळ बघत राहिले, मग चहा मागवला.